थोरल्यांचा दोस्त

आमचे सर वर्गात आल्यावर हजेरी घेत नसत. हातातलं पुस्तक टेबलावर ठेवून ते खिडकीशी जायचे, समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या पारव्यांकडं थोडा वेळ बघायचे आणि पाठमोरेच विचारायचे, "आज कोण कुणाशी बोलत न्हाई?"

पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. बी. ए.चं शेवटचं वर्ष, इंग्रजी घेतलेली आम्ही अकरा पोरं-पोरी. प्राध्यापक असलं काही विचारतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. शेवटी कागलहून येणारा एकजण भीत भीत उठला.

"सर, मी आणि माझा चुलतभाऊ."

"कशावरनं?"

"बांधावरनं, सर."

"किती दिस झालं?"

"दिवाळीपासनं."

सर वळले. हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बस खाली. नाटक तिथनंच सुरू होतंय," म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

त्या वर्षी आम्हाला एक जुनी शोकांतिका नेमलेली होती. प्राचीन रोममधली. सत्तेच्या टोकाला पोचलेल्या एका माणसाला त्याचेच सहकारी भर सभेत सुऱ्यांनी भोसकतात आणि त्या सहकाऱ्यांत त्याचा सगळ्यात जवळचा मित्रही असतो. आपण हे देशासाठी करतोय असं मित्राला मनापासून वाटत असतं. पुढं तो लोकांसमोर उभा राहून तसं समजावूनही सांगतो. सरांनी त्या नाटकाचं नाव वर्षभरात एकदाही घेतलं नाही. ते त्याला 'आमचं नाटक' म्हणायचे. मारल्या गेलेल्या माणसाला 'थोरले' आणि त्या मित्राला नुसतं 'दोस्त'. आम्हालाही तीच सवय लागली. परीक्षेत खरी नावं लिहिताना परक्याच माणसांविषयी लिहिल्यासारखं वाटलं होतं.

ते वर्ष मला नेहमी धुक्यातून आठवतं. आमचं गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर. सकाळची पहिली एसटी धरायची तर उजाडायच्या आत निघावं लागायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पांढुरका रस्ता, कुठल्यातरी गुऱ्हाळावरून येणारा कढत्या रसाचा वास. मी काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेत यायची आणि तशीच वर्गात बसायची. सर डोळे मिटून शिकवायचे. नाटक पाठच होतं त्यांना. पानं उलटायचे, पण चुकीची. त्यामुळं त्यांनी सांगितलेलं किती खरंच सांगितलेलं आणि किती मी झोपेत जोडलेलं, याची मला आजही खात्री नाही.

त्यांच्या शर्टाची एक बाही दुमडलेली आणि एक सुटलेली असायची. खिशात भाजलेल्या शेंगा. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की सर त्याच्या बाकापर्यंत जायचे आणि एक शेंग त्याच्यापुढं ठेवायचे. बरोबर उत्तर देणाऱ्याला काही नाही. एका मुलीनं एकदा तक्रार केली.

"सर, हे उलटं नाही का?"

"बरोबर उत्तराला शेंग कशाला? त्याचं काम झालं. चुकलेल्याला अजून लांब जायचंय, त्याला वाटंत खायला नको व्हय?"

आणि ते वाक्य! थोरले मरताना दोस्ताला उद्देशून जे म्हणतात, ते नाटक न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. आम्हाला ते मोठ्यानं वाचायला मनाई होती. "ते जगाला पाठ हाय. त्याच्या आधी थोरले दोस्ताकडं बघून क्षणभर गप्प झाले असतील की न्हाई? ते गप्प बसणं वाचा." आम्ही अकराजण पुस्तकात डोकं घालून ते गप्प बसणं वाचायचो. वर्ग एवढा शांत व्हायचा की शेजारच्या वर्गातले मराठीचे सर दारातून डोकावून जायचे.

नाटकातली गर्दी शिकवायची वेळ आली तेव्हा सर आम्हाला मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला घेऊन गेले. गुळाच्या ढेपा मांडलेल्या, भोवती माणसांचं कोंडाळं, कुणीतरी भाव पुकारतोय. सरांनी आम्हाला एकेकट्यानं गर्दीत सोडलं आणि बजावलं, "सगळी म्हणत्यात ते तुम्हाला बरोबर वाटाय लागलं की घड्याळ बघा." स्वतः ते मधोमध डोळे मिटून उभे. एक व्यापारी त्यांच्या अंगावरच आला.

"पावणं, गूळ बघायचाय काय?"

"न्हाई. माणसं बघाय आलोय."

"मग डोळं उघडा की! आन जरा बाजूला व्हा!"

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण परत येताना सरांनी घड्याळाचं विचारलं तेव्हा कळलं, अकरांपैकी नऊजणांना पाच मिनिटांच्या आत गर्दीचं म्हणणं पटलं होतं. ज्या गुळातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, तो गूळ काळा आहे याबद्दल आमची खात्री झाली होती.

नाटकाचं हसणं तिथवरच होतं. त्यानंतर ते माझ्या घरात आलं.

आई तेव्हा गावची सरपंच होती. आणि मावशी म्हणजे तिची मैत्रीण. सख्खी मावशी नव्हे. पण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, एकाच गल्लीत राहिलेल्या, भात लावायला शेजारी शेजारी वाकलेल्या. आईचा निवडणुकीचा अर्ज भरायला मावशीच पुढं होती आणि मावशी उभी राहिली म्हणून आई उभी राहिली. दोघी निवडून आल्या. आई सरपंच झाली तेव्हा गुलालानं मावशीच जास्त माखली होती.

गावातल्या दुसऱ्या गटाला आई नको होती. एक दिवस सकाळी कळलं, नऊपैकी सात सदस्य देवदर्शनाला गेलेत आणि सगळ्यांचे फोन बंद आहेत. आमच्याकडं ह्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. अविश्वास ठराव येणार असला की सदस्यांना असंच लांब नेऊन ठेवतात, फुटू नयेत म्हणून. आई शांत होती. सातात मावशी असणारच नाही म्हणाली. तरी उठून तिच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं.

चार दिवसांनी कुणीतरी आईच्या मोबाईलवर फोटो पाठवला. कोकणातला समुद्रकिनारा, ओळीत उभे सातजण, त्यांतच कडेला मावशी. लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, पाय पाण्यात. घाट उतरला की समुद्र, एवढं जवळ असून दोघींनी तो कधी पाहिला नव्हता. "एकदा जाऊया गं," असं मी जन्मल्यापासून ऐकत होते. आईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. खूप वेळ बघितला.

"तिनं समुद्र बघितला," एवढंच म्हणाली.

ठरावाच्या दिवशी तहसीलदार आले. सात हात वर झाले. घरी आल्यावर आई पायही न धुता उंबऱ्यावर बसली. बाबा पाणी घेऊन आले, ते तिनं हातात धरून ठेवलं. मग मला म्हणाली, "हात वर केल्यावर माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. आपल्या हाताकडं बघत हुती. दुसऱ्याच कुणाचा हात असल्यागत."

दोनच दिवसांनी सरांनी वर्गात भूमिका वाटल्या. आमचं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं होतं. थोरले कागलच्या मुलाला मिळाले. माझ्याकडं बोट करून सर म्हणाले, "दोस्त तू वाचायचास."

"मी नाही वाचणार."

"का?"

"तो हरामखोर आहे."

सर माझ्या बाकाशी आले. खिशात हात घातला आणि एक शेंग माझ्यापुढं ठेवली. मी ती उचलली आणि भिरकावून दिली. फळ्यावर आपटून ती खाली पडली. सर गेले, वाकून शेंग उचलली, खिशात ठेवली आणि उरलेल्या दहाजणांना शिकवायला लागले.

तास संपल्यावर ते दारात माझी वाट बघत उभे होते. "चल," म्हणाले. आम्ही चालत रंकाळ्यावर गेलो. दुपार होती तरी आभाळ उतरल्यासारखं झालं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि त्या राखाडी रंगात म्हशी नुसत्या शिंगांनी तरंगत होत्या. आम्ही कठड्यावर बसलो. मी सगळं सांगितलं. देवदर्शन, कुलूप, फोटो, हात. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांना एक मित्र होता. दोघं बोर्डिंगात एकत्र वाढले, दोघांत एकच पुस्तक. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. "डोळे मिटायची सवय तिथली. माझी ऐकायची पाळी जास्त असायची." पुढं मित्र एका लहानशा शाळेत मुख्याध्यापक झाला आणि त्यानं सरांना तिथं शिक्षक म्हणून आणलं. संस्थेच्या अध्यक्षांनी निवडणुकीच्या प्रचाराला शिक्षकांना जुंपायचं ठरवलं, तेव्हा मित्र आडवा आला. मग त्याच्याविरुद्ध तक्रारीचं पत्र तयार झालं. खोटंच. खाली पाच शिक्षकांच्या सह्या.

"पयली माझी," सर म्हणाले. "मी अजून कायम झालो नव्हतो. घरात तान्हं पोर. कारणं काय, दोस्ताकडं बी हुती. लई चांगली चांगली हुती."

"मग त्यांनी तुम्हाला विचारलं नाही?"

"न्हाई. पेटी भरली आणि गेला. इचलकरंजीत त्याच्या भावाचे कापडाचे माग हाईत, तिथं गेला. मी इथं आलो, प्राध्यापक झालो. आणि दरवर्षी हे नाटक शिकवतो."

मग ते म्हणाले, "दोस्त सगळ्या नगराला समजावून सांगतो, का मारलं ते. भाषण बी चांगलं करतो. पर ज्याला सांगाय पायजे, त्यो तिथं मरून पडलाय. त्याला आता कसं सांगायचं? ह्याला शोकांतिका म्हणायचं. बाकीचं नुसतं राजकारण." त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "तुझी आई जिती हाय की."

मी रागातच होते. म्हणून गेले, "तुमचा मित्रसुद्धा जिवंतच आहे ना, सर?"

सर पाण्याकडं बघत राहिले. मी आयुष्यात कुणाला एवढं लागेल असं बोलले नव्हते, आणि ते बोलून झाल्यावरच मला कळलं.

गावात उतरले ती मी घरी न जाता मावशीकडं गेले. ती चुलीपुढं होती. मला बघून उठली नाही.

"का केलंस?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं पाठवलं व्हय?"

"नाही. मीच आले."

ती निखाऱ्यावर राख ओढत राहिली. मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तिची लेक दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्याच्या भाच्याला दिलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पोरीला सातवा महिना. मावशीनं हात वर केला नाही तर पोरीला माघारी धाडू, असा निरोप आला होता. पोरीनं रडत फोन केला होता. मी उठले. निघताना मावशीनं आईचं विचारलं, "ती जेवती का नीट?"

"नाही," मी म्हणाले.

दिवे लागले तेव्हा मावशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि थापतच राहिली. मावशी तिथूनच बोलली, मला सांगितलेलंच, पण भरभर, श्वास न घेता. बोलणं संपलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"आधी सांगायचं हुतंस की गं," ती म्हणाली. "मीच तुझा हात धरून वर केला असता."

"तू तसंच केलं असतंस," मावशी म्हणाली. "म्हणून तर सांगितलं न्हाई."

तेव्हा मात्र आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बाबा उठून बाहेर गेले. दोघी रडल्या की नाही ते मी पाहिलं नाही, कारण मलाच दिसेनासं झालं होतं. बऱ्याच वेळानं आईचा आवाज आला, "समुद्र कसा हाय?"

"कुणी बघितलाय? फोटोपुरती उभी केली मला."

आईचं पद गेलं ते गेलंच. गावात नवी सरपंच आली. गुलाल उधळला गेला आणि तो आमच्या दारापर्यंत उडाला. पण मावशीच्या लेकीला मुलगी झाली तेव्हा बारशाचं गाणं आईनं म्हटलं.

मावशी घरी येऊन गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी वर्गात दोस्त वाचला. लोकांसमोरच्या भाषणापर्यंत आले आणि थांबले. सरांनी सावरून घेतलं नाही, वाट बघितली. मी परत सुरुवात केली आणि पूर्ण वाचलं. तास संपल्यावर जिन्यात मी त्यांना आई आणि मावशीचं सगळं सांगितलं. ते पायरीवरच बसले.

"काय म्हणाली तुझी आई? परत सांग."

मी सांगितलं.

"परत एकदा सांग."

मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, पाठ करत असल्यासारखे. पोरं आमच्या कडेनं वाट काढत उतरत होती. मग सर म्हणाले, "आइतवारी मोकळी हाईस का? इचलकरंजीला जायचंय. दार तू वाजव. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

रविवारी स्टँडवर ते माझ्याआधी येऊन उभे होते. दोन्ही बाह्या खाली सोडून गुंड्या लावलेल्या. एसटीत त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते पुटपुटत होते. शब्द कळत नव्हते. ऊन कोवळं होतं, उसाला तुरे आले होते, आणि गाडी त्या रुपेरी तुऱ्यांतून पोहत चालल्यासारखी चालली होती. हातकणंगल्याच्या पुढं त्यांनी विचारलं, "घरी नसंल तर?"

"तर थांबू, सर."

"आणि ओळख दिली न्हाई तर?"

मी त्यांचा हात धरला. माझ्या वडलांपेक्षा मोठ्या माणसाचा हात मी कधी धरला नव्हता. तो गार होता.

पत्ता विचारत आम्ही एका गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना मागांच्या शेड, आणि तो खडखडाट! कानात नव्हे, छातीत ऐकू येणारा. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. शेवटच्या शेडचं दार उघडंच होतं. दार वाजवायचा प्रश्न आला नाही. वाजवलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. आत मागांच्या रांगा, हवेत तरंगणारी सुताची कस, म्हणजे बारीक तंतूंची धूळ, आणि ती केसांवर, भुवयांवर बसून पांढराशुभ्र झालेला एक जाडगेला म्हातारा एका मागावर वाकलेला.

त्यानं वर पाहिलं. हातातलं टाकून तो पुढं आला. सर जिथं होते तिथंच उभे राहिले आणि बोलायला लागले. मला शेजारी उभी राहून एक शब्द ऐकू येत नव्हता. नुसते ओठ हलताना दिसत होते. म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला.

"काय?" तो ओरडला. "मोठ्यांदा बोल! आधीच मला कमी ऐकू येतंय!"

सर पुन्हा बोलले. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली. अजून जवळ आला. तेव्हा सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले. त्याच क्षणी लाइट गेली. सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले आणि त्या शांततेत सरांचा आवाज पार टोकापर्यंत गेला.

"पत्रावर पयली सही मीच केलती!"

मागांवरची माणसं वळून बघायला लागली. समोरच्या शेडमधून दोघंतिघं दारात आली. सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"आरं मर्दा," म्हातारा म्हणाला, "वरडतोस कशाला? मला म्हाईत हाय की. पत्र मला दाखवलं हुतं. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई व्हय?"

सरांनी डोळे उघडले.

"मग एवढी वर्षं आला न्हाईस ते एवढ्याचसाठी?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

म्हाताऱ्यानं भुवयांवरची कस पुसली. "आणि मी समजत हुतो," तो म्हणाला, "तूच माझ्यावर रुसलाईस. काय चुकलं माझं, त्याचाच विचार करत बसलो हितं."

सर मागं सरकत सरकत कापडाच्या ताग्यांवर बसले. म्हातारा त्यांच्या शेजारी बसला, अगदी खेटून. तेवढ्यात कुणीतरी "आली, आली" म्हणून ओरडलं आणि सगळे माग एकदम सुरू झाले. दोघं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते, पाळीपाळीनं, एक बोलताना दुसरा ऐकत. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.